दवा पचवणारी विहीर

आमची विहीर दवा पचवायची. हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की शाळेत कोणी घराविषयी विचारलं असतं तर मी आधी तेच सांगितलं असतं आणि आई-वडिलांची नावं मागाहून. पावसाळा लागला की ग्रामपंचायतीचा शिपाई झोळी अडकवून गावातल्या विहिरींवर फिरायचा. झोळीत काळपट जांभळे खडे. त्याचं शास्त्रीय नाव पोटॅशियम परमँगनेट, पण ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणाचं अडतही नव्हतं. आम्ही त्याला लाल दवा म्हणायचो. शिपाई खडे बादलीत कालवी, बादली विहिरीत रिकामी करी आणि दोर खालीवर करून पाणी ढवळून देई. बघता बघता सगळी विहीर गुलाबी होई. आम्ही पोट्टे काठावर पालथे पडून आत डोकावत असू आणि माय घरातून ओरडत असे, की पडलात तर मी काढायला येणार नाही.

रंग उतरेपर्यंत पाणी भरायचं नाही, असा दंडक होता. गावातल्या बाकीच्या विहिरी दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबीच राहत. बायका पाण्याचे रिकामे पितळी गुंड कमरेवर घेऊन येत आणि कुरकुरत परत जात. आमची विहीर मात्र दुपारची ताटं उचलेस्तोवर पिवळट पडे आणि दिवस कलायच्या आत नितळ होई. मग अख्खी आळी आमच्याकडे पाण्याला यायची. बाबा ओट्यावर बसून, मिशीवरून हात फिरवत, येणाऱ्या प्रत्येकीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आपल्या इहिरीले दवा पचते. जिच्यात दम हाये तिलेच पचते." बाया माना डोलवायच्या. बाबांचं म्हणणं कोणाला खोटं वाटायचं कारणच नव्हतं, कारण डोळ्यांसमोर रंग गेलेला दिसत होता.

आमचं गाव दिग्रसच्या अलीकडे, फाट्यावर एसटीतून उतरून चालत जावं लागे. कापूस, तूर आणि थोडी ज्वारी असं वावर होतं, खाऊन-पिऊन बरं चाललेलं घर होतं. बाबांनी आयुष्यात दोनच गोष्टींचा डौल मिरवला, एक बैलजोडी आणि दुसरी विहीर. बैलजोडीचा डौल शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, उतरला. नाल्यापलीकडच्या गुलाबरावांच्या बैलांनी आमच्या जोडीला सगळ्या पंचक्रोशीदेखत मागं टाकलं, आणि तेव्हापासून बाबा त्यांना पाण्यात पाहू लागले. गंमत अशी की गुलाबरावांच्या विहिरीतच लाल दवेचा रंग सगळ्यांत जास्त टिकायचा. नाव गुलाबराव आणि विहीर गुलाबी, मग काय, बाबांच्या हाती कोलीतच मिळालं. "गुलाबरावच्या इहिरीले अपचन झालं," हे ते दर पावसाळ्यात म्हणायचे आणि दर पावसाळ्यात लोक पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. गुलाबरावांच्या कानावर ते जात असणारच. ते काही बोलत नसत.

विहीर अंगणातच होती. तिच्या चाकाला आम्ही गडगडी म्हणायचो आणि पहाटे पहिली जाग त्या गडगडीच्या करकरीनंच यायची. मग बैलांच्या गळ्यातल्या घाटी, मग मायचं चुलीपुढचं खोकणं. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. नवा कोठा बाबांनी विहिरीच्या वरच्या अंगाला बांधला होता आणि शेणखताचा खड्डाही तिथंच, हाताशी पडावा म्हणून. पाहुणा आला की बसा म्हणायच्याही आधी पाण्यानं भरलेला गडवा पुढं व्हायचा. तो पितो कसा, हे बाबा टक लावून बघायचे आणि "गोड हाये बुवा पानी" असं तो म्हणेपर्यंत त्याला दुसरं काही बोलू द्यायचे नाहीत. माय म्हणायची, हे पाणी पाजत नाहीत, कबुली घेतात. पण तिलाही त्या पाण्याचा गर्व होताच. त्यात तुरीची डाळ इतकी एकजीव शिजायची, की वरणाला घोटणी लावायची गरज नसे. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, वर कच्चं तेल, ज्वारीची भाकर आणि ठेचा. आज माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी गाळायचं यंत्र आहे, त्यात निळा दिवा लागतो. वरण काही तसं होत नाही. हे मी बोलून दाखवते आणि ती मला माफ करते.

ताईची सोयरीकही त्या विहिरीनंच जमवली, असं बाबांचं ठाम मत होतं. नेरकडचे पाहुणे तिला बघायला आले तेव्हा ऊन असं होतं की अंगणात उभं राहवत नव्हतं. मुलाच्या वडिलांनी एक गडवा पाणी एका दमात संपवलं आणि दुसरा मागितला. तो दुसरा गडवा मागितला तेव्हाच बाबांनी मनोमन सुपारी फोडली. ताई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. निघताना बाबांनी शब्द दिला, "लग्नाचं सारं जेवण ह्याच पान्यात शिजंन. तुमच्या वऱ्हाडाले दुसरं पानी मी पाजनार नाई." व्याह्यांनी हात जोडले. लग्न पुढच्या उन्हाळ्यातलं ठरलं.

त्याच सुमाराला मी यवतमाळला कॉलेजात होते. आत्याकडे राहायचे. आत्याचे यजमान कचेरीत नोकरीला, घर नेटकं, जेवायला पोळ्या आणि बोलायला शुद्ध भाषा. मी "मले भूक लागली" म्हटलं की आत्याची मुलं खुदखुदत. मी त्यांना म्हणायचे, तुम्हाला भूक लागते, मले लागते, जेवतो तर सारखंच. आमच्या गावातून रसायनशास्त्र शिकणारी मी पहिलीच पोरगी. हे मी नम्रपणानं सांगत नाही. नम्रपणाचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे. प्रयोगशाळेच्या लाकडी टेबलांना ॲसिडचे डाग होते, नळ थेंबथेंब गळायचा, आणि तिथला तो झोंबरा वास मला कोठ्यातल्या वासाइतकाच लवकर आपला वाटू लागला.

एके दिवशी सरांनी पाण्याची तपासणी शिकवायला घेतली. सर शिकवायचे हळू, एकेक शब्द तोलून. म्हणाले, पाण्यात माती असली तर दिसते, मीठ असलं तर जिभेला कळतं, पण शेण, मूत, कुजलेला पाला, सांडपाणी यांचा अर्क त्यात मुरला तर पाणी काचेसारखं दिसू शकतं. ही जी सेंद्रिय घाण आहे, ती मोजायची कशी? त्यांनी फळीवरची बाटली उचलली आणि ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या काचनळीत, ओतली. ती बाटली पाहून मी इतकी खूश झाले की काय सांगू. आमची लाल दवा. मी हात वर केला आणि विचारायच्या आधीच उभी राहून सांगितलं, की सर, ही आमच्या विहिरीत टाकतात, आणि गावात सगळ्यांत लवकर आमचीच विहीर ती पचवते.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "किती वेळात रंग जातो?"

"दुपारच्या जेवणापर्यंत."

"आणि बाकीच्या विहिरींचा?"

"दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. काहींचा त्याच्याही पुढं."

सर म्हणाले, "घरी जाशील तेव्हा दोन बाटल्या पाणी आण. एक तुमच्या विहिरीचं, एक जिचा रंग सगळ्यांत जास्त टिकतो तिचं. बाटल्या आधी त्याच पाण्यानं विसळून घे." आणि फळ्याकडे वळून त्यांनी पुढचं वाक्य सगळ्या वर्गाला सांगितलं. परमँगनेट घाण जाळतं आणि जाळता जाळता स्वतःचा रंग गमावून बसतं. म्हणून जेवढा रंग गेला, तेवढी पाण्यात घाण. मी वहीत ते उतरवून घेत होते आणि अर्ध्या वाक्यात माझा हात थांबला. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते मला त्या बाकावर कळलं.

पुढच्या सुट्टीत बाटल्या आणल्या. गुलाबरावांकडे मीच गेले. ते दावणीला बैल बांधत होते. म्हणाले, "काहून वं पोरी, तुमची इहीर आटली काय?" मी म्हटलं, "नाई काका, कॉलेजात दाखवाचं हाये." त्यांनी स्वतः दोर सोडून बादली ओढली आणि बाटली दोनदा विसळून भरून दिली.

प्रयोगशाळेत सरांनी तपासणी मलाच करू दिली, सांगायला तेवढे जवळ उभे राहिले. चंचुपात्रात पाणी, त्यात जरासं विरळ गंधकाम्ल, खाली मंद आच, आणि वरून ब्युरेटमधून थेंब थेंब रंग. गुलाबरावांच्या पाण्यानं थोडेसे थेंब घेतले आणि फिकट गुलाबी होऊन बसलं. आमच्या पाण्यात थेंब पडे, गुलाबी ढग उठे आणि मी बघेपर्यंत विरून जाई. पुन्हा थेंब. पुन्हा ढग, पुन्हा काही नाही. ब्युरेटमधला रंग खाली खाली उतरत होता. सर म्हणाले, पाण्यात लोह असलं तरी रंग जातो, घाई करू नको. मग लोहाचीही तपासणी झाली. लोह नावालाही नव्हतं. सर एवढंच म्हणाले, "विहिरीजवळ काय आहे?" मी म्हटलं, "कोठा. आणि खताचा खड्डा." त्यांनी मान हलवली. मला आळीतल्या लहान पोरांची दर पावसाळ्यातली हगवण आठवली, शेजारच्या वहिनीची कावीळ आठवली. ते सगळं आम्ही पावसाळी हवेच्या माथी मारत आलो होतो.

नंतर आयुष्यभर मी हेच काम केलं. पाणी तपासायच्या नोकरीतच केस पांढरे झाले. पुढं परमँगनेट मागं पडलं आणि डायक्रोमेट आलं. केशरी द्राव, पाण्याबरोबर बंद नळीत तापवायचा, घाण असली की केशरीचं हिरवं होतं, आणि ते हिरवं किती हे यंत्र प्रकाशाचा किरण सोडून आकड्यात सांगतं. फार नेमकं काम. कारखान्यांचं पाणी, नाल्यांचं पाणी, धरणांचं पाणी, सगळं माझ्या नळ्यांमधून गेलं. पण नळीतला रंग पालटताना बघितला की आजही मला आधी आमचं अंगण दिसतं.

त्या वर्षी होळीला घरी गेले ती पिशवीत परमँगनेटची पुडी घेऊनच. सरांनी दिली होती. मायला चुलीपाशी सगळं सांगितलं. ती पुरण वाटत होती. वाटायची थांबली नाही. खड्डा तिथं नको, असं तिनं कोठा बांधतानाच म्हटलं होतं म्हणे, वासासाठी म्हटलं होतं. शेवटी म्हणाली, "तुह्या बाबाले तोंडानं सांगशीन तं ते तुह्यावर उखडतीन आन् वऱ्हाड हेच पानी पिऊन जाईन. दाखवता येत असंन तं दाखव."

दुसरा दिवस धुळवडीचा. गावातल्या पोरांनी पळसाची फुलं उकळून केशरी रंग केला होता आणि सकाळपासून बोंबाबोंब चालली होती. मी ओट्यावर काचेचे ग्लास मांडले. एकात आमचं पाणी, दुसऱ्यात गुलाबरावांचं, आदल्या संध्याकाळी आणून ठेवलेलं. दोन्हींत परमँगनेटचा सारखाच रंग टाकला. बाबा न्हाऊन बाहेर आले, ते गुलाबी ग्लास बघून म्हणाले, "हे काय व? ग्लासात धुळवड खेळून राह्यली काय?"

मी म्हटलं, "बसा बाबा. हे आपलं, हे गुलाबरावकाकांचं."

ते आनंदानं बसले. त्यांना वाटलं, पोरगी यवतमाळला जाऊन घरच्या विहिरीची कीर्ती सिद्ध करायला शिकून आली. बोलता बोलता आमचा ग्लास पिवळट पडत चालला, शेजारचा होता तसाच राहिला. बाबांनी मायला हाक मारली, "पाह्य वो, पचवून राह्यली. म्या काय म्हनत होतो?" माय दारात येऊन उभी राहिली. ताईही आली. बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, आजचा सण तरी जाऊ दे. पण वऱ्हाड यायला फार दिवस उरले नव्हते.

मी उठले, कोठ्यामागं जाऊन खताच्या खड्ड्याच्या कडेचं पाणी वाटीत घेऊन आले आणि बाबांच्या देखत ते गुलाबरावांच्या गुलाबी ग्लासात चमच्यानं घातलं. थोडं घातलं, ढवळलं. आणखी थोडं घातलं. गुलाबी रंग फिका झाला, पिवळा पडला, गेला.

"आता काकांच्या इहिरीलेही पचली, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी वाटीकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. मग स्वतः उठले. नवा ग्लास घेतला, गुलाबरावांचं पाणी ओतलं, मला म्हणाले, रंग टाक. मी टाकला. वाटी हातात घेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं चमचा घातला, ढवळला, आणि रंग जाईपर्यंत ग्लास डोळ्यांसमोर धरून ठेवला. बाहेर पोरं बोंबा मारत होती. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे आपली इहीर दवा पचवत नवती. दवाच आपल्या इहिरीले पुरत नवती."

आणि त्यांनी ग्लास असा आपटून ठेवला की ताई आत पळाली. दुपारी ताटावर बसले नाहीत. पुरणपोळी झाकून राहिली. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते ते तसेच तिकडे तोंड करून म्हणाले, "व्याह्याले शब्द देऊन बसलो. साऱ्या नेरात त्यानं सांगतलं असंन. आता काय तोंड दाखवू?" मग हळू आवाजात बाबाच म्हणाले, "उकळून घेऊ. घरातल्या घरात ठेवू. कोनाले समजते?"

"मले समजते, बाबा," मी म्हटलं. "उकळलं तं जंतू मरतीन. खड्ड्यातलं पानी इहिरीत यायचं थांबनार नाई."

मला वाटलं, आता उठतील आणि माझं कॉलेज बंद म्हणतील. उठले खरे. भिंतीवरची टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली. म्हणाले, "चाल. तू पन चाल. तो इचारंन तं मले सांगता येनार नाई."

आम्ही नाला ओलांडून गुलाबरावांकडे गेलो. शंकरपटानंतर बाबांनी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. गुलाबराव कानशिलापर्यंत केशरी होऊन बाजेवर बसले होते. बाबांना बघून ते उभे राहिले आणि बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, "गुलाबराव, पोरीचं लग्न हाये. जेवनाले अन् प्यायले तुमच्या इहिरीचं पानी पाहिजे."

गुलाबरावांना ती थट्टा वाटली. वाटणारच. ते म्हणाले, "माह्या इहिरीचं? तिले तं अपचन हाये ना, महादेवराव."

"तिले काई झालं नाई," बाबा म्हणाले. "साऱ्या गावात निर्मळ पानी तुमचंच हाये. माह्या पोरीनं मोजलं. घान हाये ती माह्या इहिरीत. म्या इतके वर्सं उलटं बोललो."

माझे बाबा उंच होते, पण मला ते त्या अंगणात होते तेवढे उंच पुन्हा कधी दिसले नाहीत. गुलाबराव आत गेले आणि गडवा भरून घेऊन आले. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंड न लावता वरून धार धरून अख्खा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "गोड हाये." इतक्या माणसांकडून वदवून घेतलेला शब्द त्यांनी स्वतः पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात उच्चारला. गुलाबरावांनी गाडीत ड्रम भरून पाणी पोचवायचं कबूल केलं आणि बैल कोणते जुंपायचे, हेही लगोलग सांगून टाकलं. पट जिंकलेले. बाबांनी तेही ऐकून घेतलं.

लग्नाच्या दिवशी आमच्या विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. त्या बाबांनीच तोडून आणून टाकल्या. आळीतल्या बाया चरफडल्या, की इतक्या वर्षांची विहीर, पोरीच्या सांगण्यावरून बंद करता. बाबा म्हणाले, पोरीच्याच सांगण्यावरून. नेरचं वऱ्हाड उतरलं. पंगत बसली, वरण-भात, बुंदी, वांग्याची भाजी. व्याह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि काट्यांकडे बघत मोठ्यानं विचारलं, की काय हो, ते पाणी कुठं आहे, ज्याच्यासाठी आम्ही इतक्या लांब आलो?

माझ्या हातात वरणाची बादली होती, ती मी खाली ठेवली. बाबा दोन ओळींच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. विहिरीत कोठ्याची घाण उतरते, लाल दवेचा रंग त्यामुळं जातो, हे पाणी गुलाबरावांच्या विहिरीचं आहे, आणि शब्द मोडला त्याबद्दल हात जोडतो. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. गुलाबराव वाढप्यांमध्ये उभे होते, त्यांचं नाव घेताना बाबांनी त्यांच्याकडे हात केला.

व्याही म्हणाले, "मंग त्या दिवशी आमी दोन गडवे काय प्यालो?"

"माही बढाई प्यालात तुमी," बाबा म्हणाले.

आधी व्याहीच हसले. मग सगळी पंगत हसली आणि ताटं पुन्हा वाजू लागली. हसू ओसरल्यावर व्याह्यांनी विचारलं, की हे शोधलं कोणी. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मांडवातली तेवढी सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्या साडीवर वरण सांडलेलं होतं. मी मान खाली घातली नाही. का घालावी? व्याही म्हणाले, बाई, पुढल्या सुट्टीत नेरला ये, आमचीही विहीर बघून जा. त्यानंतर आत्याच्या घरी बाटल्यांची रांग लागली. कोणाच्या तेलाच्या, कोणाच्या औषधाच्या, सगळ्यांना आधी विसळायला शिकवावं लागलं. आत्या वैतागायची, पण आल्या-गेल्याला कौतुकानं सांगायचीही, की आमच्या भाचीकडं लोक पाणी घेऊन येतात.

उन्हाळा संपायच्या आत बाबांनी खताचा खड्डा उपसून वावराच्या धुऱ्यावर, पार बांधाशी, नेला, पाठोपाठ कोठाही हलवला. विहिरीचा गाळ काढला, काठ बांधून उंच केला, भोवती उतार काढला. तरी मी सांगितलं होतं, की जमिनीत मुरलेलं लगेच जाणार नाही, वाट पाहावी लागेल. त्या पावसाळ्यात दवा टाकली ती संध्याकाळपर्यंत गेली. बाबा दिवसभर काठावर बसून होते असं मायनं सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्गात होते. बाहेर झिमझिम चालली होती, आम्ही प्रयोगशाळेत काम करत होतो, आणि दारात बाबा उभे. धोतराचा काठ भिजलेला, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, घरी काहीतरी झालं. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. बाटली गुलाबी होती.

ते माझ्याशी बोलले नाहीत, सरळ सरांपाशी गेले. म्हणाले, "साहेब, काल सकाळी दवा टाकली. आज पहाटे भरून आनलं. पाहा, पचली नाई." पूर्वी ओट्यावरून "पचते" म्हणायचे, त्याच आवाजात म्हणाले. सरांनी बाटली हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली. मग ती टेबलावर सगळ्या वर्गाला दिसेल अशी ठेवून त्यांनी बाबांना खुर्ची दिली. इतक्या लांबून पावसात आलात, म्हणाले, पाणी घ्या. शिपायानं माठातला पेला भरून पुढं केला.

ज्यानं पाहुण्याला बसा म्हणायच्या आधी पाणी पाजलं, तो माझा बाप पेला हातात घेऊन थांबला आणि माझ्याकडे वळला.

"तू पाह्यलं काय हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाह्यलं बाबा, चांगलं हाये. मग प्याले.